माईंच्या पुतळ्या पतवंडांच्या हातात पडेपर्यंत

संक्रांतीला, म्हणजे १४ जानेवारी २०२५ला, तिळगूळ वाटून झाल्यावर माईंनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "लॉकरची किल्ली कुठं असते, ठावं हाय का तुला?" मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं. बोर्नव्हिटाचा गंजका पत्र्याचा डबा, त्यात सुया-दोरे, त्याखाली बटणं, आणि बटणांच्या तळाशी लाल फडक्याच्या पुरचुंडीत किल्ली.

माई म्हणजे माझ्या आजेसासूबाई. वय ९१. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "मी गेल्यावर तुम्ही वाटण्या करत बसणार. त्यापरीस मी बघत असताना लेकरांच्या हातात पडू दे." लेकरं म्हणजे पतवंडं, एकूण पाच. माझी दोन (लेक सात वर्षांची, मुलगा तीन), जाऊबाईंचा एक अकरा वर्षांचा, आणि पुण्याला असलेल्या आत्यांची दोन नातवंडं, नऊ आणि पाच वर्षांची. मुलं, नातवंडं, सुना यांना काही नाही. "तुमची लग्नं झाली की, तवाच दिलंय."

घरातलं सोनं घरातल्याच पोरांना द्यायचं, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं. साडेतीन महिने गेले. आमच्यासारखंच कुणाच्या घरी चाललं असेल तर थोडी धावपळ वाचावी, म्हणून लिहितेय.

१७ जानेवारीला मी आणि हे बँकेत गेलो, माईंना न घेताच. ही पहिली चूक. लॉकर आजोबा आणि माई यांच्या नावावर. आजोबा २०१६ला गेले. काउंटरवरच्या मुलानं मृत्यूचा दाखला पाहिला आणि सरळ सांगितलं, वारस दाखला आणा. आम्ही गुपचूप परत आलो. वारस दाखला म्हणजे कोर्टाचं काम, वकील, वर्तमानपत्रात नोटीस. माझी रात्रीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी आजोबांची जुनी फाइल काढली. त्यात १९८८च्या लॉकरच्या कागदावर टाइप केलेली ओळ सापडली: 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेली व्यक्ती'. ती झेरॉक्स घेऊन वरच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, मग कशाला हवाय वारस दाखला, माईंना घेऊन या, नवीन करार करू. तेव्हा बँकेत जायच्या आधी आपला मूळ कागद घरात शोधा. काउंटरवरच्या माणसानं तो पाहिलेलाच नसतो.

२४ जानेवारीला माईंना रिक्षातून नेलं. लॉकर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बँकेतला शिपाई आणि वॉचमन यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. वर गेल्यावर माई म्हणाल्या, "वरात निघाली माझी." सगळी बँक हसली. मग सहीची पंचाईत. १९८८ची सही ठसठशीत. आता हात कापतो. तीन कागद वाया गेले. शेवटी साहेबांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार, नवे फोटो, आधार, पॅन, आणि मोबाइल नंबर. आधीचा नंबर होता घरातला लँडलाइन, जो बंद पडून दहा वर्षं झाली. आता लॉकर उघडला की ह्यांच्या मोबाइलवर मेसेज येतो.

नवीन करार ५००च्या स्टॅम्पपेपरवर. तो वाचायला मला चांगला तासभर मिळाला, कारण प्रिंटर बंद होता. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, आग लागली, चोरी झाली किंवा बँकेच्याच माणसानं फसवलं, तर बँक वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंतच देणं लागते. आत किती सोनं आहे त्याच्याशी संबंध नाही. आणि पूर, भूकंप अशा आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तेवढंही नाही. सांगलीत बसून 'पूर' हा शब्द वाचताना कसं वाटतं ते इथल्यालाच कळेल. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमच्या गावभागातल्या घरात माळ्याला पाणी लागलं होतं. तो वरचा मजला, ती अवघड जिना चढाउतर, तेव्हा एकदम बरी वाटायला लागली. दुसरी गोष्ट, सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि लॉकरवाल्याचा पत्ता लागेना, तर भाडं भरत असलात तरी बँक तो उघडू शकते. आमची शेवटची नोंद सप्टेंबर २०१९ची. म्हणजे आम्ही काठावरच होतो. वर्षातून एकदा नुसतं जाऊन उघडझाप करून या.

प्रत्यक्ष लॉकर उघडला ३ फेब्रुवारीला. किल्ली फिरेना. बँकेची किल्ली फिरली, आमची अडकली. कुलूप फोडायचं तर कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येणार, खर्च आपला. माईंनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. त्या ती कशाला घेऊन आल्या होत्या ते मी अजून विचारलेलं नाही. दोन थेंब, पाच मिनिटं, आणि उघडलं.

आत एक स्टीलचा डबा. पुतळ्यांची (नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची) माळ, दोन पाटल्या, एक ठुशी, बाळाच्या चांदीच्या वाळ्यांचे दोन जोड, करगोटा, आणि अगदी तळाशी घडी पडलेला पिवळा कागद. मोडी. आम्हा कुणालाच वाचता येईना. मी दागिन्यांचे फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून, पुढून आणि मागून. हे पहिल्याच दिवशी करा. नंतर कुठल्या दागिन्याला कुठली फासकी होती यावर जी चर्चा होते ती टळते. चांदीचे वाळे कुणीतरी रबर बांधून ठेवले होते. जिथं रबर होतं तिथं काळ्याभोर रेघा. रबर चांदीला लावू नका, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळा.

मोडीच्या कागदासाठी मिरजेतले एक निवृत्त शिक्षक सापडले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि दोन मिनिटांत वाचून दिला. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा त्यांनीच पाजला. सोनाराची चिठ्ठी होती, शके १८६०ची, म्हणजे १९३८. पुतळ्या नग ४२, वजन दोऱ्याविना तोळे ५, मासे ३, गुंजा २. म्हणजे माळ माईंचीही नव्हे, त्यांच्या सासूबाईंची. माई १९५२ला लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात पडली.

गुरुजींनी हिशोबही शिकवला. आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्याचे बारा मासे, एका माशाच्या आठ गुंजा. घरी येऊन मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ६१.४८ ग्रॅम. आणि मग सहज म्हणून पुतळ्या मोजल्या. एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या. जाऊबाईंनी मोजल्या. एक्केचाळीसच.

पुढचे आठ दिवस मला आठवायला नको वाटतात. कुणी काही बोललं नाही, हेच वाईट. पुराच्या वेळी डबा आठवडाभर धाकट्या काकूंच्या माहेरी, मिरजेला ठेवला होता. आत्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "तेव्हा मोजून घेतल्या होत्या का गं?" काकूंच्या कानावर ते गेलं. त्या रविवारी जेवायला आल्या नाहीत.

१२ फेब्रुवारीला सराफ कट्ट्यावर वजनं करून घेतली. आत्याही पुण्याहून आल्या होत्या. आमच्या जिल्ह्याला सोनं पारखायला माणूस कमी पडत नाही. विटा-खानापूरची गलाईवाली मंडळी देशभर सोनं गाळतात, आणि हे दुकानातले वयस्कर गृहस्थ त्यातलेच, पन्नास वर्षं मद्रासला काढून परत आलेले. माळेचं वजन ५९.८७ ग्रॅम. म्हणजे एक पुतळी गेल्याचे दीड ग्रॅम वजा केले तरी थोडं कमीच. त्यांनी मोजून सांगितलं, "ही झीज. गुंजभर. सत्त्याऐंशी वर्षांत गुंजभर म्हणजे बाईनं जपून घातलीय."

मग पाटल्या यंत्रात ठेवल्या. कॅरेटमीटरवर आकडा आला ५८. माळेचा आला होता ९४. आत्यांचा चेहरा पडला. त्या पाटल्या त्यांच्या बारशाला, १९६४ला केलेल्या. "म्हणजे माझ्या बारशाचं सोनं खोटं?" आता सोनारानं फसवलं असेल, कुणीतरी बदललं असेल, असं सगळं एकमेकांच्या डोळ्यांत दिसायला लागलं. तेवढ्यात ते गृहस्थ खळखळून हसले. म्हणाले, "ताई, बदललं बिदललं काही नाही. सरकारनंच करायला लावलंय." जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. नवीन दागिना १४ कॅरेटच्या वर करायचाच नाही. १४ कॅरेट म्हणजे शंभरात ५८ भाग सोनं. हजारो सोनारांचा धंदा बसला. १९६६मध्ये ती अट गेली. "माझे वडील त्या तीन वर्षांत भाजी विकत होते," ते म्हणाले, आणि आकडा वहीत लिहून पुढचा दागिना मागितला. आत्यांनी पाटल्या परत हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नातीला ह्याच द्या. बाकी काही नको." वाटणीतला सगळ्यात अवघड दागिना असा एका वाक्यात सुटला. तेव्हा जुन्या दागिन्याचा आकडा कमी आला तर आधी तो केव्हा घडवला ते विचारा, मग माणसांवर संशय घ्या.

त्याच दिवशी संध्याकाळी माई बोलल्या. आम्ही माळ परत डब्यात ठेवत होतो. "एक मीच मोडली," त्या म्हणाल्या. बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा सगळे कवठेमहांकाळकडच्या गावी होते. जनावरांना चारा नव्हता, मामंजी बैलजोडी बाजारात न्यायला निघाले होते. माईंनी रात्री कात्रीनं दोरा कापला, एक पुतळी काढली, परत गाठ मारली आणि भावाच्या हातून विकून आणली. चाऱ्याचे पैसे माहेरहून आले असं सांगितलं. बैल राहिले. आजोबांना कधीच कळलं नाही. दर दिवाळीला माळ गळ्यात घालताना कुणी मोजतंय का, याची धास्ती असायची, असं त्या म्हणाल्या. त्रेपन्न वर्षं. सासूबाईंनी उठून काकूंना फोन लावला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण पुढच्या रविवारी काकू पुरणपोळ्या घेऊन आल्या.

आता कागदांचं. यात मी सगळ्यात जास्त घाबरले होते, आणि यातच सगळ्यात कमी त्रास झाला. सीएंकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो (मार्चमध्ये सीएकडे जाऊ नका, दोन तास बाकावर बसाल). पहिला प्रश्न, एवढ्या सोन्यावर पोरांना कर लागेल का? नाही. सरळ वंशातल्या माणसानं दिलेली भेट, मग ती पणजीकडून पतवंडाला असो, रक्कम कितीही असो, करपात्र नाही. लेकीच्या बाजूची पतवंडंही त्यातच येतात. हे आत्यांनी दोनदा विचारून घेतलं. दुसरं, पोरांनी मोठेपणी विकलं तर नफा मोजताना आजची किंमत धरत नाहीत. दागिना २००१च्या आधीचा असेल तर १ एप्रिल २००१चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा दहा ग्रॅम चार हजारांच्या थोडं वर होतं. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल करून ठेवला, त्याचे ३,००० घेतले. त्यात प्रत्येक दागिन्याचं वजन, कस आणि फोटो. वीस वर्षांनी तो कागद पोरांना लागेल, तेव्हा त्याच्या तीन प्रती काढल्या. आणि अल्पवयीन मुलाच्या नावानं सोनं विकून ठेवी केल्या, तर त्याचं व्याज आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. आम्हाला विकायचं नव्हतंच.

वकिलांचं काम त्याहून छोटं. सांगलीतल्याच विजयनगरला गेलो. मी बक्षीसपत्र, नोंदणी, मुद्रांक, असं सगळं मनात धरून गेले होते. ते म्हणाले, घर-जमीन असती तर नोंदणी लागली असती. दागिना हातात दिला आणि घेणाऱ्यानं घेतला, की बक्षीस पूर्ण. पोरं लहान, तेव्हा त्यांच्या वतीनं आईवडिलांनी स्वीकारायचं. आधी प्रत्यक्ष द्या, त्यानंतर 'अमुक दिवशी दिलं' अशी नोंद लिहून ठेवा, माईंचा अंगठा, आईवडिलांच्या सह्या, वाटा नसलेले दोन साक्षीदार. शिवाय माई स्वखुशीनं देत आहेत असं प्रतिज्ञापत्र. त्यासाठी मी शंभराचा स्टॅम्प मागितला तर विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला. ऑक्टोबर २०२४पासून शंभराच्या जागी ५००. नोटरीनं माईंना समोर बघायचा आग्रह धरला आणि बरोबरच धरला. तो घरी आला, त्याचे ८०० वेगळे. आमच्या डॉक्टरांकडून 'समजून उमजून निर्णय घेऊ शकतात' असा दाखला घेतला, फुकट. डॉक्टरांनी माईंना आजचा वार विचारला. माईंनी वार सांगितला आणि वर त्यांची मागच्या भेटीची फी किती होती तेही सांगितलं.

खरा घोळ झाला तो माळेवर. पाच पोरं, एक माळ. मोडायची की नाही? सासूबाई म्हणाल्या अख्खी ठेवा, पाळीपाळीनं लग्नात घालतील. मीही त्याच मताची होते. ऐंशी वर्षांची गोष्ट तोडायची म्हणजे काय. माईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अख्खी ऱ्हायली की एकीच्या कपाटात ऱ्हाती. मग बाकीच्यांनी फोटो बघायचा." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. सराफ वितळवून एकसारखं करून देतो म्हणाला होता. त्याला माईंनी नाही सांगितलं. पुतळी पुतळीच राहायला पाहिजे. त्यावरच्या त्या दोन छोट्या आकृत्या आता इतक्या झिजल्यात की कोण उजवीकडे नि कोण डावीकडे ते बोटानंच कळतं.

२२ एप्रिलला तोळा लाखाला टेकल्याची बातमी आली आणि घरात पुन्हा थोडी कुजबुज झाली, ती माईंच्या कानापर्यंत गेली नाही. ऐकू कमी येण्याचे फायदे असतात.

पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणारा, आता शोधावा लागतो. सराफाच्या ओळखीनं एक बाई मिळाल्या. त्यांनी आमच्यासमोर बसून जुना दोरा सोडवला. तो काळा पडलेला दोरा आणि त्यात मधेच एक वेगळी गाठ, जाडसर, घाईत मारलेली. त्यांनी कात्री लावली तेव्हा मी 'थांबा' म्हणाले आणि गाठीचा तुकडा मागून घेतला. प्रत्येकी आठ पुतळ्या, मध्ये लाल रेशमी मणी, मागे गोफ. पाच गळसऱ्यांची गाठवणी २,०००. रिठ्याच्या कोमट पाण्यात पुतळ्या घालून मऊ ब्रशनं धुतल्या. ब्रशनं जोर देऊ नका.

३० एप्रिल, अक्षय तृतीया. पुण्याची मंडळी आदल्या रात्री आली. माई पाटावर, पोरं समोर रांगेत. अकरा वर्षांच्यानं विचारलं, "याची सायकल येते का?" त्याच्या बापानं डोळे वटारले, पण माई म्हणाल्या, "येते. चांगली चार-पाच येतील. पण मग पुतळी न्हाई." तो विचारात पडला. आत्यांच्या नातीनं पाटल्या हातात घातल्या, त्या दंडापर्यंत वर गेल्या. ठुशी माझ्या लेकीला, वाळे दोघा धाकट्यांना, करगोटा सायकलवाल्याला. माझ्या तीन वर्षांच्यानं गळसरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माईंच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि कुणालाही देईना. शेवटी तोही यादीत लिहिला: 'अडकित्ता, पितळी, नग १'. वकिलांनी नंतर यादी वाचताना त्या ओळीवर पेन टेकवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी नोंदीवर सह्या झाल्या. ५ मेला सगळं परत त्याच लॉकरमध्ये, पाच मलमलीच्या थैल्यांत, प्रत्येक थैलीत नावाची चिठ्ठी. लॉकरवर नव्यानं नामांकन केलं. भाडं सोडून एकूण खर्च सात-साडेसात हजार, बहुतेक मूल्यांकनाचा आणि गाठवणीचा.

पाच आठे चाळीस. एक पुतळी उरली होती. अक्षय तृतीयेच्या दुपारी जेवणं झाल्यावर मी ती माईंपुढे ठेवली आणि विचारलं, ही कुणाला? जाऊबाई म्हणाल्या, देवघरात ठेवू. माईंनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"ही लॉकरात नगं," त्या म्हणाल्या. "तुळशीच्या पानाबरुबर तोंडात घालायला सोनं लागतंय. तवा शोधत बसू नका." मग मला म्हणाल्या, "चहा टाक गं."

बोर्नव्हिटाचा डबा परत फळीवर आहे. त्यात सुया, दोरे, बटणं, लॉकरची किल्ली, आणि दोऱ्याची ती गाठ.